झोळीतला हात

बुध. १६ मार्च २०१६
डाव्या हातानं लिहितोय. कोंबडी नाचल्यासारखं उमटतंय, उमटू दे. वाचणार मीच.
परवा ऑपरेशन झालं. उजवा खांदा. दुर्बिणीतून केलं, तीन भोकं पाडून. डॉ. म्हणाले, "उत्तमराव, नस नाही, स्नायूची दोरी तुटली होती. हाडाला परत टाचलीय. आता सहा आठवडे हात झोळीत. उचलायचा विचारसुद्धा करायचा नाही."
विचार कसा नाही करणार? एकोणीस वर्षं या हातानं शहराचं पाणी सोडलंय. चाळीसेक गल्ल्यांचं. पाच फुटी लोखंडी चावी, चेंबरात घालायची, अंग टाकून फिरवायची. जानेवारीत एक वॉल्व्ह अडकला होता, जोर केला तर खांद्यात कट् झालं. दोन महिने घरात सांगितलं नाही. शहाणा मोठा.
पहिल्या दिवशी हात बधिर होता. डाव्यानं चाचपला तर दुसऱ्याच कुणाचा वाटला. मग आला भानावर, दुखणं घेऊन.

शुक्र. १८ मार्च
घरी सोडलं. तिसरा मजला, बायकोचा, सुमनचा, खांदा धरून चढलो. तिचा गुडघा दुखतो, ती कुणाला धरणार.
आडवं होता येत नाही. खुर्चीत बसून झोप, पाठीशी दोन उशा. झोळी काळ्या कापडाची. एक पट्टा गळ्यात, एक कमरेला, आणि हात नि पोटाच्या मधी विटेएवढी फोमची उशी, म्हणजे कोपर अंगापासून लांब राहतं. उशी काढायची नाही. आमच्या पुंडलिकनगरात पोट पुढं काढून फिरणारे लई आहेत, त्यात मी एक.
शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. सुमन म्हणते, "श्वास सोडा, पोट आत घ्या. लहान लेकरू बरं तुमच्यापेक्षा." वीस मिनिटं लागली. पायजम्याची नाडीपण तिनंच बांधली. मी भिंतीकडं बघत होतो. लाज वाटली, खरं सांगायचं तर रडू आलं.

सोम. २१ मार्च
माझी लाइन सध्या वाघमारे बघतो. जुना माणूस, माझ्याआधीचा. त्याला काही सांगावं लागत नाही.
दुपारी कौसामावशीचा फोन. टेकडीच्या गल्लीतली. ती गल्ली म्हणजे लाइनचं शेवटचं टोक. सगळ्यांचं भरून झालं की उरलेलं पाणी तिथं चढतं. मी लागलो तेव्हा त्या टेकडीखाली ज्वारी होती, आता चार मजल्यांच्या बिल्डिंगी आहेत, खाली गाड्या, वर टाक्या. टेकडी आहे तिथंच आहे.
"भाऊ, हात कसा हाय? लवकर या बरं. तुमी सोडलं की पाणी वर येतं. दुसऱ्याच्या हातानं येत नाय."
म्हणलं, मावशी, वाघमारे चांगला माणूस आहे.
"आसंल. तुमच्यावानी नाय."
फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत होतं. आठवड्यात पहिल्यांदा.

रवि. २७ मार्च
टाके काढले. खांद्याला हात लावू देत नाही मी कुणाला, तरी काढले.
झोळीला वास मारतो. बेचाळीसच्या वर ऊन, फोमच्या उशीखाली पोटाला घामोळं. धुवायची तर पाणी आठवड्यातनं एकदा, आणि जाड पट्टा वाळेपर्यंत हात ठेवायचा कुठं? पाणीवाल्याच्या घरात झोळी धुवायला पाणी नाही. सुमनला म्हणलं तर हसली नाही.
तिनं आज दुसरी शिवली. तिच्या आईचं जुनं लुगडं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. चार पदरी केलं, कडेनं टीप मारली. लेकीच्या, प्रज्ञाच्या, कॉलेजच्या जुन्या सॅकचे पट्टे लावले. उशीत कापूस भरला. काळी एक दिवस, ही एक दिवस. ही गळ्याला रुतत नाही.
"आई असती तर म्हणाली असती, माझं लुगडं जावयाच्या गळ्यात," सुमन म्हणाली. मग आत गेली.

सोम. २८ मार्च
डॉ.ना लुगड्याची झोळी दाखवली. उलटीपालटी करून पाहिली. "कुणी शिवली? चालेल. पण उशी जागेवर पाहिजे."
आजपासून लोलकाचा व्यायाम. टेबलाला डावा हात टेकवून वाकायचं, झोळी काढायची, उजवा हात दोरीसारखा सोडायचा. मग अंग हलवायचं, हात आपोआप गोल फिरतो. फिजिओवाली मॅडम म्हणाली, "हातानं नाही काका, अंगानं." मी फेरे मोजत होतो. अकरा झाले तेव्हा कळलं, अकरा म्हणजे शाळेमागचा वॉल्व्ह. सवय.

शनि. २ एप्रिल
पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा फोन. वाघमारे नऊ तारखेपासून महिनाभर सुट्टीवर, वैजापूरला, पोरीचं लग्न. त्याच्या जागी पंपहाऊसचा शकील येणार. कंत्राटातला. लाइनचं काम त्यानं कधी केलं नाही.
"उत्तमराव, तुमच्या डोक्यात जे आहे ते कागदावर येऊ द्या. कुठला वॉल्व्ह कुठं, किती फेरे. तुम्ही आजारी पडलात तर शहर थांबायचं का?"
हो साहेब म्हणलं.
दिवसभर चीड चीड झाली. सुमनवर ओरडलो, चहा गार म्हणून. एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही कुठं काय गाडलंय ते. रस्ते झाले, त्यावर परत रस्ते झाले, चेंबरची झाकणं सिमेंटखाली गेली, पावलं मोजून मी ती शोधून काढायचो. आता कागदावर द्या. कागद झाला की मी कशाला? टाकीखाली स्टूल टाकून बसवतील, रजिस्टर लिहा म्हणतील. आमच्या खात्यातल्या सोपानला असंच बसवलं होतं पाय गेल्यावर. दोन वर्षं माशा मारल्या त्यानं, मग यायचंच सोडलं.

मंगळ. ५ एप्रिल
यादी केली. प्रज्ञा लिहीत होती, मी डोळे मिटून सांगत होतो. घरातनं निघून एकेक चेंबर मनात उघडत गेलो. एक नंबर, टाकीजवळ, बावीस फेरे. सात नंबर, पिंपळाखाली, नऊ, पण हळू, नाहीतर हातोडा बसल्यासारखी पाइप वाजते. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, तुम्हाला एवढं पाठ आहे?" पाठ नाही, हातात आहे.
अडतीस नंबर. टेकडीची गल्ली. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर. पंधरा फेरे.
ते सांगताना झोळीत हात आपोआप वळला. मनगट आतल्या आत फिरलं, खांद्यात कळ आली. प्रज्ञानं वर पाहिलं. "काय झालं?" म्हणलं, काही नाही. "अडतीसला आणखी काही लिहू?"
नाही म्हणलं. पुढचा घे.
एकेचाळीस वॉल्व्ह झाले. वही साहेबांकडं पाठवली.

शनि. ९ एप्रिल
शकील आला, चावी न्यायला. पस्तिशीचा आहे, अंगानं दणकट, बोलायला लाजाळू. दारामागं उभी असती चावी. मुठीला मी सायकलची ट्यूब गुंडाळलीय, हाताला फोड येऊ नयेत म्हणून. त्यानं ट्यूबवर हात फिरवला.
"मामू, संभाल के रखूंगा. आप आए के वापस."
वही उघडून दोन-तीन गोष्टी विचारल्या. नीट वाचून आला होता. "और कुच याद आया तो बोलना मामू, मेरेको कुच नै मालूम."
चहा घेतला, गेला. दारामागं चावी टेकायची तिथं भिंतीला काळा डाग पडलाय. सुमनला म्हणलं, पुसू नको.

बुध. १३ एप्रिल
हे लिहायचं नव्हतं. पण कुठं तरी लिहिलं पाहिजे.
आता उजव्या हातानं लिहितो, वही पोटावरच्या उशीवर ठेवून. बोटं चालतात. खांदाच तेवढा बांधलेला.
आज टेकडीच्या गल्लीचा पाण्याचा दिवस. उद्या जयंती, घराघरात पाहुणे, सकाळपासून भांडी रांगेत असणार हे मला इथं बसून दिसत होतं. साडेनऊला शकीलचा फोन.
"मामू, अडतीस नै खुल रा. पंधरा फेरे लिखेले हैं, एक बी नै घूम रा. लोगां सर पे खडे हैं."
अडतीस उलट्या आट्याचा आहे. बाकी चाळीस डावीकडं फिरवले की उघडतात, हा एकटा उजवीकडं. जुन्या काळचा. मला माहीत, वाघमारेला माहीत. दुसऱ्या कुणाला नाही. डावीकडं फिरवला तर तो आधीच घट्ट बंद आहे, आणखी घट्ट होणार.
दोन शब्द होते. उलटा फिरव. एवढंच.
मी म्हणलं, "हात लावू नको. मी येतो."
का म्हणलं? कारण मला जायचं होतं. महिनाभर खुर्चीत बसलोय, कुणी विचारत नाही, नाडी बायको बांधते. मला दिसत होतं, मी झोळी घालून रिक्षातनं उतरतोय, गर्दी बाजूला होतेय, डाव्या हातानं चावी धरतोय, सरका म्हणतोय, आणि खालून पाण्याचा आवाज. कौसामावशी म्हणतेय, बघा, मी म्हणलं नव्हतं?
सुमन म्हणाली, "डॉक्टरनं काय सांगितलंय? फोनवर सांगा की काय ते." म्हणलं, फोनवर सांगण्यासारखं नाही.
शर्ट, झोळी, पट्टे. घाईत उशी उलटी बसली, परत काढली. खाली रिक्षा मिळेना. मोठ्या रस्त्यावर खोदकाम, गल्लीबोळातनं घेतली, प्रत्येक खड्ड्याला खांदा हातात धरून. तास गेला.
पोचलो तर शकील चेंबरच्या कडेला बसला होता. चावीच्या मुठीत लांब पाइप घातलेला, दोन-तीन बाप्ये बाजूला. लोकांनी धीर धरला नाही, लाव रे जोर म्हणाले, आणि तिघांनी मिळून लावला.
"टूट गया मामू."
स्पिंडल तुटला, चावी ज्याला फिरवते तो दांडा. आतलं दार बंदच राहिलं. पाइपात पाणी आलेलं होतं, चेंबरापर्यंत. कान लावला तर ऐकू येत होतं.
 घरी आलो. सुमननं विचारलं, काय झालं. म्हणलं, तुटला. जुना होता.

गुरु. १४ एप्रिल
जयंती. घरी वंदना झाली, पांढरा शर्ट झोळीवरनं अर्धा. प्रज्ञा मिरवणुकीला गेली.
टेकडीच्या गल्लीत सकाळी टँकर गेला म्हणे, अर्ध्या गल्लीत संपला. मी खिडकीत बसलो होतो. निळे झेंडे, ढोल, पोरंसोरं. माझ्या घराच्या माठात पाणी होतं. प्यालो नाही, मग दुपारी प्यालो. कुणाला काय फरक पडणार होता.

शनि. १६ एप्रिल
साहेब बघायला आले, नारळपाणी घेऊन. वॉल्व्हचं मॉडेल जुनं, तसा आता मिळत नाही. वरचा सिमेंटचा रस्ता नवाकोरा, तो फोडायला परवानगी लागणार. तोवर टँकर.
"शकीलकडनं लेखी घेतलंय. अडाण्यासारखा जोर लावला. त्याला तूर्त घरी बसवलंय. उत्तमराव, तुम्ही असता तर हे झालं नसतं. लवकर बरे व्हा, तुमच्याशिवाय नाही चालत."
हेच वाक्य महिनाभर ऐकायचं होतं मला. ऐकलं. साहेब गेल्यावर मोरीत जाऊन ओकलो. सुमनला वाटलं, नारळपाणी बाधलं.

बुध. २० एप्रिल
शकील आला. द्राक्षं घेऊन. ज्याची मी नोकरी घालवली तो मला द्राक्षं आणतो.
खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, परवा रस्ता फोडला तेव्हा तो स्वतःहून बघायला गेला होता. वॉल्व्ह उघडा पडला तेव्हा पाहिलं.
"मामू, वो उल्टे आटे का था."
मी म्हणलं, "हो का?"
हे माझ्या तोंडातनं निघालं. मी ऐकलं ते.
तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. राग असता तर सोपं होतं. "हौ. उल्टा था." मग म्हणाला, "मैं फोन तो किया था ना मामू."
हो, केला होता.
सुमननं चहा आणला, रोजे नव्हते तरी त्यानं घेतला नाही, पोट ठीक नै म्हणाला. चावी परत आणली होती त्यानं, ट्यूब पुसून. दारामागं त्या डागावरच टेकवून गेला. आता ती माझ्याकडं बघते.
मी विसरलो होतो का? पाच तारखेला प्रज्ञानं विचारलं, आणखी काही लिहू? हात झोळीत उजवीकडं वळला होता. हाताला आठवत होतं. म्हणजे मला आठवत होतं. मी ठेवून घेतलं, एकच, एकेचाळीसातलं एक, म्हणजे माझी गरज राहील. असं ठरवून केलं का? ठरवून नाही. न ठरवता पण नाही.

सोम. २५ एप्रिल
सहा आठवडे झाले. डॉ.नी झोळी सोडली. बाहेर जाताना गर्दीत फक्त घाला म्हणाले.
गळा हलका झाला, मान वळते. पण हात. वर उचला म्हणाले. उचलला. पोटापर्यंत आला आणि थांबला. मी जोर करतोय तर खांदा कानाकडं चढतोय, हात तिथंच. आरशात पाहिलं. दंड निम्मा झालाय, कातडं लोंबतंय.
"होईल, वाट बघू," डॉ. म्हणाले. मॅडमनं वहीत कोन लिहिला. विचारलं, तेरा तारखेला घाईत रिक्षात हिसके बसले, त्यानं काही? डॉ.नी मान वर केली. "बाहेर कशाला गेला होतात?"
काम होतं म्हणलं.

मंगळ. ३ मे
कौसामावशी पडली. टँकरपाशी. रेटारेटी झाली, हंडा डोक्यावर, चिखलात पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. तिच्या सुनेनं प्रज्ञाला फोन केला होता, मावशीला नातेवाइकासारखे आम्हीच.
पासष्टीची बाई. टेकडीवर दोन खोल्या, मुलगा वाळूजला कंपनीत, सून धुणीभांडी करते. वीस दिवस झाले, तीन आठवडे, टँकरचं पाणी वर चढवतेय. नळाला पाणी असतं तर दारात भरलं असतं तिनं.
मी जेवलो नाही. सुमन म्हणाली, "तुम्ही काय त्या बाईला ढकललं का? जेवा."
ढकललं.

सोम. ९ मे
डॉ.नी परत फोटो काढायला लावला. टाचलेली दोरी अर्धी सुटलीय. परत ऑपरेशन करून फार उपयोग नाही म्हणाले, व्यायाम करा, घरची कामं जमतील. चहाचा कप, शर्टाची बटणं.
"आणि चावी?"
"कसली चावी?"
मी डाव्या हातानं हवेत फिरवून दाखवली.
"ते विसरा, उत्तमराव."
घरी येताना सुमन रिक्षात माझा हात धरून बसली होती, उजवा, मांडीवर, झोळीत असायचा तसा. ज्यासाठी मी गप्प बसलो, ते असंही गेलंय. फुकट गेलं सगळं. मावशीचं मनगट फुकट, शकीलचं काम फुकट.

गुरु. १२ मे
वाघमारे सुट्टीवरनं आला. लग्नाचे लाडू घेऊन. हात बघितला, हळहळला. मग म्हणाला, "अडतीसचं ऐकलं. उलटा होता, हे लिहून दिलं नव्हतं का?"
"राहिलं."
"राहिलं म्हंजे?"
मी लाडवाकडं बघत होतो. त्यानं चप्पल घातली. सुमन आतनं म्हणाली, भाऊजी, चहा ठेवलाय. "पुन्हा कधी," म्हणाला. तो साहेबांना सांगणार नाही. त्याचा स्वभाव नाही तो. त्यापेक्षा सांगितलं असतं तर.
तो गेल्यावर सुमनला सगळं सांगितलं. हाताचं, झोळीचं, फोनचं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "मी म्हणलं होतं त्या दिवशी, फोनवर सांगा."
हो.
"आता कुणाला सांगताय, मला?"
मग दिवसभर बोलली नाही. स्वयंपाक केला, वाढलं, बोलली नाही.

सोम. १६ मे
साहेबांना पत्र लिहिलं. उजव्या हातानं, टेबलावर, झोळीशिवाय. अक्षर आलं बऱ्यापैकी.
अडतीस नंबर उलट्या आट्याचा आहे हे मला एकोणीस वर्षांपासून माहीत होतं. यादीत मी ते सांगितलं नाही. १३ एप्रिलला शकीलनं फोन केला तेव्हाही सांगितलं नाही. त्याची चूक नाही. त्याला कामावर घ्यावं.
चार ओळी. तीन कागद फाडले. पहिल्यात लिहिलं होतं, अनवधानानं राहिलं. ते फाडलं.
सुमननं वाचलं. घडी घातली, माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली.

मंगळ. १७ मे
ऑफिसात गेलो. साहेब मीटिंगला, दिवसभर. उद्या अकराला येतील. शिपाई म्हणाला, द्या की माझ्याकडं, ठेवतो टेबलावर. दिलं नाही. का दिलं नाही? स्वतःच्या हातानं द्यायचं म्हणलं. हे मी त्या दिवशी रिक्षात बसतानाही म्हणलं होतं स्वतःशी, स्वतःच्या हातानं.
तिथनं टेकडीच्या गल्लीत. पिशवीत सुमननं लुगड्याची झोळी दिली होती, धुऊन, घडी करून. "त्या बाईला द्या. आणि नुसती देऊन येऊ नका," म्हणाली. पाच दिवसांनी पहिलं वाक्य.
चेंबरावरून गेलो. खड्डा उघडाच आहे, भोवती दोरी, त्यात कुणीतरी केळीची सालं टाकलेली.
मावशी उंबऱ्यापुढच्या पायरीवर बसली होती. प्लास्टरचा हात नायलॉनच्या ओढणीत टांगलेला, गाठ मानेत रुतलेली, तिथं लाल वळ. मला बघून उठायला लागली. "भाऊ! बसा. हात सुटला का तुमचा? पाणी देते."
पाणी नको म्हणलं. बसा तुम्ही, ही झोळी घालून देतो, मऊ आहे.
ती बसलीवती म्हणून जमलं. उभी असती तर माझा हात तिच्या मानेपर्यंत गेला नसता. मी मागं उभा राहिलो, तिची मान माझ्या पोटाशी आली, तेवढ्यापर्यंत हात येतो माझा. ओढणी सोडली. प्लास्टर हळूच लुगड्यात घेतलं, कोपर नीट बसवलं, उशी कुठं ठेवायची मला माहीत आहे. सॅकचे पट्टे तिला लांब होत होते, म्हणून ते सोडून लुगड्याच्या पदराचीच गाठ मारली. दोन्ही हातांनी. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही हात एका कामाला लागले.
"लई बरं वाटलं," ती म्हणाली. "तुमच्या हाताला गुण हाय भाऊ. तुमी असता त्या दिवशी, तर ह्ये काय बी झालं नसतं."
मी मागंच उभा होतो. तोंड दिसत नव्हतं तिचं, म्हणून बोलता आलं.
"मावशी, मी होतो."
"कुठं?"
"फोनवर. शकीलनं मला विचारलं होतं. तो वॉल्व्ह उलटा फिरतो, मला माहीत होतं. दोन शब्द सांगायचे होते. सांगितले नाहीत. म्हणलं, मी येतो. मला यायचं होतं, तुम्ही सगळे बघत असताना."
 ती मानेवरचे केस डाव्या हातानं गाठीतनं सोडवत राहिली.
"त्यो पोरगा," शेवटी म्हणाली. "शकील. त्याला आमी लई शिव्या दिल्या. माझ्या तोंडानं दिल्या म्या. आईवरनं."
मग टँकरचा हॉर्न वाजला खाली. गल्लीतल्या बाया निघाल्या. ती उठली, दाराआडची घागर डाव्या हातात घेतली. मी पुढं होऊन घागरीला हात घातला, डावा. तिनं सोडली नाही.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. माझ्याकडं न बघता. मग उतरायला लागली, एकेक पायरी, प्लास्टरचा हात लुगड्यात सांभाळत.
पत्र खिशात आहे. घडीवर घामाचा डाग पडलाय, शाई फुटली नाही. उद्या अकरा.
झोळी काढून टाकील असं वाटलं होतं. वळणापर्यंत बघत होतो. काढली नाही तिनं.